साबणाच्या वडीतला गोलकीपर

६ ऑक्टोबर, सोमवार

दादा दुकानात स्टुलावरून पडला. वरच्या फळीवरचा खोका काढायला या वयात स्वतः चढला, कारण कोणाला हाक मारणं म्हणजे त्याच्या अब्रूचा प्रश्न. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालंय, पण घरी यायला निदान महिना लागेल म्हणतात.

भूल उतरल्यावर पहिलं वाक्य काय तर, "बारके, दुकान उघडं ठेवशील ना?" बहीण साठी ओलांडून बसली तरी बारकीच. मी म्हटलं, दादा, मला खेळाडूंच्या कार्डांतलं ओ का ठो कळत नाही. तो म्हणाला, "काही कळायला नको. नवीन बॉक्स काचेमागे आहेत, त्यांवर किंमत लिहिलीय. ती सांगायची, पैसे घ्यायचे. जुन्याचं मी बघतो."

जन्मभर मी छापखान्यात कटिंग मशीनवर उभी राहिले. लाखो पुस्तकांच्या कडा कापल्या, एकही वाकडी गेली नाही. रिटायर झाल्यापासून दिवस खायला उठतो. म्हणून हो म्हटलं. आणि संध्याकाळी बोलायला कोणी नसतं, म्हणून ही वही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज जे पाहिलं त्याने माझा आ वासला तो अजून मिटलेला नाही.

दुपारी एक मुलगी आली. पलीकडच्या चौकात दातांचा दवाखाना आहे, तिथली डॉक्टर. नेहमीची गिऱ्हाईक असावी, कारण मला बघून दचकली आणि "काका कुठंयत?" म्हणाली. सांगितल्यावर हळहळली, आणि हळहळतच काचेमागच्या सगळ्यात लहान बॉक्सकडे बोट केलं. किंमत वाचताना मी दोनदा चष्मा पुसला. माझी चार महिन्यांची पेन्शन. आत कार्डं किती? पाच. मी म्हटलं, "अगं, छापायला काही चूक झालीय. थांब, दादाला विचारते." ती हसली. "मावशी, बरोबरच आहे ते."

तिथेच काउंटरवर तिने बॉक्स फोडला. हात थरथरत होते हो तिचे, जी रोज लोकांच्या जबड्यात ड्रिल घालते तिचे! चार कार्डं बाजूला सारली. पाचवं निघालं आणि तिने किंकाळी फोडली. मला वाटलं, कागदाने बोट कापलं.

कार्ड कसलं, पुठ्ठ्याची लादीच. सोनेरी. मधे एक खिडकी, आणि खिडकीत कापडाचा तुकडा, नखाएवढा. मी विचारलं, हे काय? तर म्हणे 'वादळ'ने पहिल्या मॅचला घातलेल्या जर्सीचा तुकडा. वादळ म्हणजे आत्ताचा तो फुटबॉलपटू, ज्याचं पोस्टर दुकानाच्या दारावर आहे. कंपनी त्यांच्या जर्सी विकत घेते, चिंध्या करते आणि एकेक चिंधी एकेका कार्डात बसवते.

"म्हणजे चांगला शर्ट फाडतात?"

"फाडत नाहीत मावशी, कापतात. त्यानेच तर किंमत येते."

कापल्याने किंमत येते. बरं बाई. मग तिने ते कार्ड जाड पारदर्शक पेटीत ठेवलं, झाकणाला लोहचुंबक, टक् करून बंद. पेटीत गेल्यावर ते कार्ड एकदम राजघराण्यातलं दिसायला लागलं, हे मात्र कबूल.

११ ऑक्टोबर, शनिवार

जुन्या कार्डांकडे कुत्रंही फिरकत नाही. तीन दिवसांत एकानेही त्या बाजूच्या कपाटाकडे मान वळवली नाही. सगळे येतात ते चकचकीत बॉक्ससाठी. एक गृहस्थ तर पिशवीभर जुनी कार्डं घेऊन आले, लहानपणापासून जमवलेली, आणि म्हणाले, "ही घ्या आणि एक नवीन बॉक्स द्या." मी नाही म्हटलं, तेव्हा पिशवी जिन्यातच सोडून गेले. पोटच्या पोरांसारखी जपलेली वस्तू कोणी अशी टाकून जातं?

दुपारी झाडताना दादाचा निळा पत्र्याचा डबा दिसला. ओळखला! आमच्या घरातलाच, आईचा शिवणाचा. आत साबणाची कार्डं. माझे डोळे भरून आले. दादा दहा-अकरा वर्षांचा असताना एका साबणाच्या वडीत एक फुटबॉलपटू निघायचा. एकूण अठ्ठेचाळीस. दादाने हट्ट करून करून आईला तोच साबण आणायला लावला. त्या वर्षी आमच्याइतकं स्वच्छ घर गल्लीत नव्हतं. बाबा म्हणायचे, हा पोरगा आम्हाला धुऊन धुऊन झिजवणार. मी तेव्हा तीन-साडेतीन वर्षांची, मला त्यातलं फक्त डोळ्यांत गेलेला फेस आठवतो. डबा उघडला की अजून साबणाचा वास येतो.

पण काय ती अवस्था! दोन रबरबँड लावून गठ्ठा ठेवलेला. आणि कापलेली तर इतकी वाकडी की माझा संताप झाला. एकाची पांढरी किनार डावीकडे जाड, दुसऱ्याची उजवीकडे. तीन कार्डं सरळ सरळ तिरकी. ज्याने हे कापलं त्याला मशीनच्या आसपास उभं करायला नको होतं. आमच्या फोरमनने त्याचा कान उपटला असता. एक तर गोलकीपर आहे, हात गुडघ्यापर्यंत लांब, त्याच्या उजव्या किनारीवर कोण्या कार्ट्याने पेन्सिलने वरपासून खालपर्यंत वाकडीतिकडी रेघ मारून ठेवलीय. दादाला इतकी वर्षं खोडरबर मिळालं नाही?

१३ ऑक्टोबर, सोमवार

दादाला भेटून आले. बसवून ठेवलं होतं त्याला. मला बघून पहिलं, "डबा ठीक आहे ना?" मी म्हटलं, डब्याला काय धाड भरलीय! मग त्याने खरं काय ते सांगितलं.

जागेचा मालक दुकान विकतोय. नोव्हेंबर संपेपर्यंत दादाने घेतलं तर दादाचं, नाहीतर शेजारच्या चष्मेवाल्याचं. दादाजवळ विकण्यासारखं आहे ते एवढंच, तो निळा डबा. घेणारा ठरलेला आहे. वीस वर्षं दर हिवाळ्यात येणारे एक म्हातारे, ज्यांना दादा 'भिंगवाले' म्हणतो. दर वर्षी मागतात, दर वर्षी हा नाही म्हणतो. या वर्षी हो म्हटलंय.

"मग दिलं असतंस तेव्हाच," मी म्हटलं.

"एकावर अडलंय," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. "लांब्या मी देणार नाही. सत्तेचाळीस घ्या म्हटलं. त्यांना अठ्ठेचाळीस हवीत."

लांब्या म्हणजे तोच गोलकीपर. मी कपाळावर हात मारला. दुकान जातंय आणि हा एका कार्डावर अडून बसलाय! दुकान गेलं तर दादा काय करील? बायको नाही, मूल नाही, दुकानाच्या काउंटरवर टेकून टेकून त्याच्या कोपराला घट्टे पडलेत. तो दुसरीकडे कुठे टेकणार? येताना ठरवलं की या बाबतीत आता मलाच काहीतरी केलं पाहिजे.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज दुकानाचा फोन खाली ठेवायला उसंत नाही! काय चाललंय मला समजेना. जो तो एकच विचारतो, "तुमच्याकडे लांब्या आहे का? साबणातला लांब्या?"

शेवटी दातांची डॉक्टर आली, तिने उलगडा केला. काल मॅच जिंकल्यावर वादळ टीव्हीवर रडला. म्हणाला, मी लहान असताना एक म्हातारा मला मैदानावर फुकट शिकवायचा, तो नसता तर मी नसतो. तो म्हातारा म्हणजे लांब्या. झालं! ज्यांनी ज्यांनी वादळचं सोनेरी कार्ड घेतलंय त्या सगळ्यांना आता शेजारी ठेवायला लांब्या पाहिजे. आणि लांब्याचं कार्ड जन्मात एकदाच निघालं, साबणाच्या वडीत.

"काकांकडे आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, आहे की. तिने खुर्ची ओढली आणि बसली. मग तिने लांब्याची आणि सबंध संचाची आज काय किंमत बोलली जातेय ते सांगितलं. मी तिला दोनदा वदवून घेतलं. मग मीही बसले.

म्हणजे नव्याने जुन्याला मारलं नाही, उलट वर काढलं! परवा जिन्यात पिशवी टाकून गेलेले गृहस्थ आज धावत परत आले. पिशवी मी ठेवली होती म्हणून बरं. त्यांनी माझे हातच धरले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

एवढी मोठी किंमत, आणि ती कार्डं शिवणाच्या डब्यात, रबरबँड लावून! घेणाऱ्यासमोर अशी ठेवायची? मुलगी दाखवायची तर तोंड तरी धुवायला हवं. मी त्या चुंबकाच्या पेट्या मोजून काढल्या, अठ्ठेचाळीस. माझ्या पैशांनी. दादाला माझ्याकडून भेट.

बसेनात. पेट्या नव्या कार्डांच्या मापाच्या. साबणाची कार्डं केसभर मोठी, आणि तीही एकसारखी नाहीत. मी बराच वेळ बघत बसले. मग माझं मलाच हसू आलं. अख्ख्या जगात ज्या बाईने हा प्रश्न सोडवायचा ती बाई इथेच बसलीय, आणि विचार करतेय!

२२ ऑक्टोबर, बुधवार

केलं.

सकाळीच छापखान्यात गेले. माझ्या मशीनवर आता नवा माणूस आहे, पण मला बघून बाजूला झाला, "बसा बाई" म्हणाला. मी बसायला गेले नव्हते. पातं नुकतंच धार लावून आलेलं. कार्डं ठोकून ठोकून एका रेषेत आणली. दाबाचा वळ उठू नये म्हणून वर-खाली पुठ्ठा दिला. हे आजकालची मुलं करत नाहीत. उजवीकडून जरा जास्त घेतलं, म्हणजे लांब्याच्या किनारीवरची ती घाणेरडी रेघही जाईल. चार बाजू, चार घाव. लोण्यातून जावं तसं पातं गेलं.

नवा माणूस म्हणाला, "हात अजून तसाच आहे तुमचा." कात्रण त्याने फुंकर मारून पोत्यात सारलं. केसासारखी बारीक कात्रणं, हातात धरली तर गुंडाळी होईल अशी.

आणि काय दिसतात आता! अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस एका मापाची, कडा सुरीसारख्या. पेटीत टक् करून बसली. सोनेरी कार्डांशेजारी ठेवली तरी खाली मान घालायला नको. घरी आले तरी माझं मन हवेत होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दादाला म्हटलं, तुझ्यासाठी एक गंमत करून ठेवलीय. त्याचा चेहरा कसनुसा झाला. "गंमत नको गं बारके. दुकान उघडं ठेव, बस."

स्वभावच तसा. लहानपणीही त्याला मी काही करून दिलेलं पसंत पडायचं नाही. घरी आला की बघेल.

३० ऑक्टोबर, गुरुवार

अक्षर कसं येतंय ते येवो.

भिंगवाले आले. उंच, वाकलेले, कोट जुना पण इस्त्रीचा. दादाची चौकशी केली, स्वतः हॉस्पिटलला जाणार म्हणाले. मग खिशातून भिंग काढलं. मी एकेक पेटी मांडली, ओळीत, अभिमानाने. ते पहिल्या पेटीवर वाकले. दुसऱ्या. मग भिंग खाली ठेवलं आणि खिशातून पोलादी पट्टी काढली. माझ्या मनात आलं, चला, कोणीतरी मापाची कदर करणारा भेटला!

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं. "चार घावांत. एक कड इकडची तिकडे नाही, बघा."

त्यांनी खुर्ची शोधली. सापडेना, म्हणून काउंटरला धरून उभे राहिले. चेहरा असा पांढराफटक पडला की मी पाणी आणायला धावले. पाणी त्यांनी घेतलं नाही.

"बाई," म्हणाले, "तुम्ही ह्यांना कापलं."

"अहो, वाकडी होती. बसत नव्हती पेटीत."

"ती वाकडीच होती. साबणाच्या कारखान्यात एक जुनं यंत्र होतं, त्याचं पातं तिरकं. त्या तिरकेपणावरून तर खरं कार्ड ओळखतात. नकली करणारे नेमकं हेच करतात, सरळ कापतात. आणि कड कापलेलं जुनं कार्ड कोणी घेत नाही. कोणीही नाही. मीसुद्धा नाही."

मी म्हटलं, केसभर तर कापलंय. ते म्हणाले, "केसभरच पुरतं."

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. जर्सीच्या चिंध्या केल्या की किंमत वाढते आणि माझ्या एका केसाने सगळं मातीत? हा कुठला न्याय? पण त्या माणसाचे डोळे भरले होते. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. त्यांनी लांब्याची पेटी हातात घेतली, उजव्या कडेवर अंगठा फिरवला, आणि काय झालं कोणास ठाऊक, मला म्हणाले, "हेही? अरेरे." आणि पेटी ठेवून, टोपी विसरून निघून गेले.

दुकान दुपारीच बंद केलं. मी केलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. माझ्या या हातांनी, ज्यांचा मला एवढा माज.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी छापखान्यात. कात्रणाचं पोतं? लगद्याला कागद नेणारी गाडी सोमवारीच घेऊन गेली. नवा माणूस विचारत राहिला, "बाई, काय हवं होतं?" काय सांगणार. आणि ती कात्रणं सापडली असती तरी मी काय करणार होते, डिंकाने चिकटवणार होते?

दातांच्या डॉक्टरला विचारलं. ती खोटं बोलायचा प्रयत्न करत होती, पण जमलं नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं की म्हातारबुवा खरं बोलत होते.

दादाला सांगायला गेले. त्याने विचारलं, "भिंगवाले आले होते?" मी म्हटलं, टोपी विसरले. पुढे ततपप झालं. तो झोपला. मी परत आले. भित्री.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जे घडतंय त्यावर विश्वास बसत नाही.

आज एक माणूस आला, तुकतुकीत बूट, हातात चपटी बॅग. सोनेरी कार्डांच्या कंपनीचा. लांब्याच्या शोधात शहरं पालथी घालतोय म्हणाला. मी म्हटलं, उशीर केलात, त्याचं मी वाटोळं केलंय. पेट्या समोर टाकल्या. तो बघत गेला आणि त्याचा चेहरा उजळत गेला!

"कापलीयत? उत्तम! आम्हाला चालतात. आम्ही कापणारच आहोत."

पुढच्या वर्षी ते सगळ्यात महाग बॉक्स काढणार आहेत. त्यात साबणाच्या या संचाचे तुकडे. एका लांब्याचे वीस-पंचवीस तुकडे, एकेक तुकडा एकेका नव्या कार्डाच्या खिडकीत. धडधाकट कार्डाचे तुकडे केले तर लोक बोंब मारतात, म्हणून त्यांना अशीच हवी असतात, आधीच मेलेली. हा शब्द त्याचा नाही, माझा. तो 'सदोष' म्हणाला.

मग त्याने एक कड डोळ्यासमोर धरली. "हे कोणत्या मशीनवर केलंत? आमच्याकडेसुद्धा इतकं स्वच्छ येत नाही. काम हवंय का?"

त्याच्या तोंडावर थुंकावं की ढसाढसा रडावं, कळेना. किंमत सांगितली ती भिंगवाल्यांच्या निम्मीही नाही. पण दुकानाच्या जागेला पुरते. बरोब्बर पुरते. एकच अट, लांब्या हवाच. लांब्या नसेल तर बाकीच्यांचं त्याला काही पडलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दादाला घरी आणलं. काठी टेकत टेकत तो आधी दुकानात गेला, घरी नाही. मी त्याला खुर्चीत बसवलं, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मशीन, चार घाव, भिंगवाले, कंपनीवाला. एका दमात. वाटलं, काठी उचलेल. उचलली असती तर बरं झालं असतं.

तो नुसतं म्हणाला, "लांब्या दाखव."

पेटी दिली. त्याने झाकण काढलं. कार्ड बाहेर काढून उजेडाकडे नेलं. उजवी कड. मग पालथं केलं. मग परत उजवी कड. खिडकीपाशी गेला, काठीशिवाय, दोन पावलं, आणि परत बघितली.

"इथं रेघ होती," म्हणाला.

"हो, पेन्सिलची. कोण्या कार्ट्याने मारलेली. ती मुद्दाम..."

"तू मारलेली."

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. त्याने सांगितलं ते असं. लांब्या निघाला त्या दिवशी तो नाचत होता. मी त्याच्या हातातून कार्ड घेतलं, बघितलं आणि विचारलं, "हा गोलकीपर ना? मग ह्याचा गोल कुठंय?" चित्रात गोलपोस्ट नव्हताच. दादा आईला दाखवायला म्हणून तिला बोलवायला गेला आणि परत येतो तर मी पेन्सिल घेऊन खांब मारून ठेवलेला, किनारीवर, वरपासून खालपर्यंत. वर मीच म्हणाले, आता हा गोल वाचवेल. दादा दोन दिवस रडला. नंतर म्हणे त्याला ते कार्ड खांबाशिवाय बघवेना.

"म्हणून अडून बसला होतास?"

त्याने कार्ड पेटीत ठेवलं, झाकण लावलं. टक्.

"कंपनीवाल्याला फोन कर," म्हणाला. "अठ्ठेचाळीस घेऊन जा म्हणावं."

"दादा, लांब्या नको देऊस."

"आता ते नुसतं कार्ड आहे गं."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कागदांवर सह्या झाल्या. दुकान दादाचं. चष्मेवाल्याने येऊन हस्तांदोलन केलं. दादाने कोपर काउंटरवर टेकले, तसेच, त्याच जागी. सगळे म्हणाले, वाचलं हो दुकान. मी हो हो म्हटलं.

निळा डबा रिकामा आहे. वास अजून येतो.

१९ मार्च, गुरुवार

बरेच दिवस वही उघडली नव्हती. लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी रोज दुकानात जाते. दादाने स्टुलावर चढायचं नाही हे ठरलंय, फळीवर मी चढते. भिंगवाले टोपी न्यायला आले, चहा घेऊन गेले. माझ्याशी बोलले, तोडून बोलले नाहीत.

आज कंपनीकडून पाकीट आलं. भेट म्हणून. आत नवं कार्ड, जाड, सोनेरी, लांब्याचं. तोच फोटो, नव्याने छापलेला, त्याचे ते गुडघ्यापर्यंतचे हात. खाली खिडकी, आणि खिडकीत एक तुकडा. हिरवा, जरासं गवत आणि उजव्या बाजूला पांढरी किनार. त्या पांढऱ्या कडेकडे बघितलं आणि मला धक्काच बसला. ती कड माझी होती. आपला घाव ओळखायला मला भिंग लागत नाही. बाकी तीन बाजू त्यांनी कापलेल्या, तंतू निघालेले. ही एक स्वच्छ. बरोबर इथेच, या कडेच्या पलीकडे केसभर, ती रेघ होती.

मी ते दादापासून लपवणार होते. त्याने हात पुढे केला. बराच वेळ बघितलं. दातांची डॉक्टर तिथेच होती, तिने किंमत सांगितली आणि माझे डोळे पांढरे झाले. या एका कार्डात दुकानाचं छप्पर नवं होईल, म्हणाली, फक्त पेटीतून बाहेर काढू नका, बोटाचा डाग पडला तरी किंमत उतरते.

दादाने पेटी उघडली. ती "काका!" म्हणून ओरडली. त्याने कार्ड बाहेर काढून काउंटरवर ठेवलं, कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्यासमोर धरली.

"गोलकीपर ना हा?" म्हणाला. "मग ह्याचा गोल कुठंय?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो थट्टा करत नव्हता. मी पेन्सिल घेतली. जन्मभर ज्या हाताने एक कड वाकडी जाऊ दिली नाही तो हात असा हलत होता की टोक कार्डावर ठरेना. आणि ठरलं तेव्हा उमटेना. इतका गुळगुळीत कागद, पेन्सिल नुसती घसरत होती. वरपासून खालपर्यंत ओढली, काही नाही. परत ओढली.

"उठत नाही रे दादा."

"जोर लाव," तो म्हणाला.

लावला. काळी रेघ आली नाही, पण वळ उठला, वाकडातिकडा, वरपासून खालपर्यंत. सरळ बघितलं तर दिसत नाही. दिव्याखाली तिरकं धरलं की दिसतो. दादाने तिरकं धरून बघितलं, मग डॉक्टरला दाखवलं, मग चष्मेवाल्याला हाक मारली.